पवळी गाईचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. भोरमध्ये एका कौलारू घराच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर माझी जागा आहे. अंगावरचा निळा रंग बराच उडाला आहे, बुडाशी पोचा आला आहे आणि मूळचं बूच हरवल्यामुळे दुसऱ्याच कुठल्या तरी बाटलीचं बूच मला बसवलेलं आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पण मी ज्यांच्या हातात होतो, त्यांच्याबद्दल कुणी तरी सांगायला हवं, म्हणून मी बोलतो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे तापलेल्या काचेच्या दोन बाटल्या करतात आणि एकीच्या पोटात दुसरी बसवतात. मधल्या फटीला चांदीसारखा मुलामा देतात आणि शेवटी तिथली हवा यंत्राने ओढून घेतात. मग बाहेरची थंडी आत येत नाही आणि आतली ऊब बाहेर जात नाही. एवढंच माझं कौशल्य. दुसरं काही मला येत नाही.

पुण्याच्या बोहरी आळीतून जलीलभाईंनी मला विकत घेतलं. जलीलभाई भोरचे. त्यांच्याकडे दुधाचा टेम्पो होता. पहाटे भोरहून निघून वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांमधून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि डेअरीत पोचवायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांच्या पत्नी बिलकीसबी भल्या पहाटे उठून माझ्यात आलं घातलेला चहा भरायच्या. तोरण्याच्या पायथ्याशी कुठल्या तरी वाडीत टेम्पो थांबला, की जलीलभाई माझं बूच काढायचे आणि समोर जो असेल त्याला आधी ओतून द्यायचे. हिवाळ्यात त्या डोंगरात बोटं आखडतात. माणसं माझं झाकण दोन्ही हातांत धरून बसायची आणि म्हणायची, "जलीलभाऊ, थर्मास लई भारी हाय बरं का." तेव्हा मला किती बरं वाटायचं, ते मी कसं सांगू?

त्या वाड्यांमधल्या एका वाडीत ठकुबाई राहायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, शेजारी दीर गेनबांचं घर. ठकुबाईंकडे पवळी नावाची एक गाय होती. पोवळ्यासारखा तांबूस रंग, आखूड शिंगं आणि कुणालाही चाटायची सवय. ठकुबाईंच्या माहेराहून, खाली कोकणातून ती घाट चढून आली होती.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा असावा. त्या वर्षी वाडीत चारा उरला नव्हता. काही वर्षांपूर्वी लोकांनी बांधाबांधावर सुबाभळी लावल्या होत्या. हे झाड पाणी मागत नाही आणि उन्हाळाभर हिरवं राहतं. लोकांनी त्याचाच पाला गुरांना घालायला सुरुवात केली. पण सुबाभळीच्या पाल्यात एक विष असतं. थोडा पाला खाल्ला तर काही होत नाही, पण रोज तोच खाल्ला तर जनावराच्या शेपटीचे केस गळतात, तोंडातून लाळ गळते, गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. गेनबांच्या दोन म्हशींची तशीच गत झाली. ठकुबाईंची पवळी मात्र तोच पाला खाऊन तुकतुकीत होती.

जलीलभाईंनी ही गोष्ट घरी जेवताना सांगितली. त्यांना वाटलं, गंमत आहे. पण समोर बसलेल्या त्यांच्या मुलीचा घास हातातच राहिला.

त्यांच्या मुलीचं नाव तरन्नुम. ती पुण्याला एका संस्थेत जंतूंचा अभ्यास करत होती आणि पीएच.डी.साठी विषय शोधत होती. ती म्हणाली, "अब्बा, ती गाय मला दाखवा."

"गाय काय बघायची त्यात? गाईसारखी गाय हाय."

"गाय न्हाई. तिच्या पोटातलं बघायचंय."

मित्रांनो, गाईचं पहिलं पोट फार मोठं असतं. त्याला कोठीपोट म्हणतात. गवत गाय खाते खरी, पण ते पचवतात त्या पोटातले असंख्य जंतू. त्यांच्याशिवाय गाय गवताच्या ढिगाऱ्यावर बसूनही उपाशी मरेल. तरन्नुमला वाटलं, पवळीच्या पोटात असा एखादा जंतू असला पाहिजे, जो सुबाभळीचं विषच खाऊन टाकतो.

पण ते जंतू फार नाजूक. त्यांना हवा लागली की ते मरतात आणि थंडी लागली तरी मरतात. पवळीच्या पोटातली ऊब जशीच्या तशी ठेवून ते पुण्याला न्यायला हवे होते. तरन्नुमने स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं.

बिलकीसबी म्हणाल्या, "त्यात गाईच्या पोटातलं घालनार? मग चहा कशात भरू?"

जलीलभाई म्हणाले, "हाटेलात पिईन मी. पोरीला लागतंय तर दे."

बिलकीसबींनी मला नेऊ दिलं. पण त्या दिवसानंतर कितीही घासला तरी माझ्यात चहा भरायला त्यांचं मन धजावलं नाही. माझा चहाचा धंदा तिथेच संपला. तेव्हा मला वाईट वाटलं होतं.

ठकुबाईंच्या गोठ्यात तरन्नुमने पवळीच्या तोंडातून एक मऊ नळी हळूच पोटापर्यंत सरकवली. ठकुबाईंनी गाईचं तोंड धरलं होतं आणि त्या तिच्या कानाशी बोलत होत्या. "उगी गं. उगी माझे बाय. हिचं बी काम हाय, आपलं बी काम हाय." नळीतून हिरवट, वासाचं, कोमट पेजेसारखं पाणी आलं. तरन्नुमने मला आधी गरम पाण्याने विसळलं आणि मग काठोकाठ भरलं, हवेला जागाच ठेवली नाही. बूच लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि पुण्याला पोचेपर्यंत मांडीवर धरलं.

चहा मला नुसता गरम ठेवायचा होता. हे जिवंत ठेवायचं होतं. मग चहाचं दुःख मला राहिलं नाही.

बऱ्याच खेपांनंतर तरन्नुमला तो जंतू सापडला. संस्थेत काचेची एक बंद पेटी होती. तिच्यात हवेतला प्राणवायू नसायचा. पेटीला बाहेरून हातमोजे जोडलेले होते, त्यांत हात घालून आतलं काम करायचं. खिडकीजवळच्या फळीवरून मी ते पाहायचो. आता प्रश्न असा होता, की तो जंतू विष पचवतो ते कशाच्या बळावर? त्याच्या हजारो जनुकांपैकी हे काम करणारं जनुक कोणतं?

वेल्ह्याच्या वाटेवर जलीलभाईंनी तिला एकदा विचारलं, "पन तू तिथं दिवसभर करती काय?"

तरन्नुमने जरा विचार केला. "अब्बा, समजा आपल्या टेम्पोचा हॉर्न कुठल्या वायरवर चालतो ते तुमाला माहीत न्हाई. आतमधे हजारो वायरी हायेत, सगळ्या एकाच रंगाच्या. कसं शोधाल?"

"एकेक तोडून बघायची."

"बरोबर. पन एकाच गाडीच्या तोडत गेलात तर गाडीच बंद पडंल. म्हनून आपन सारख्याच हजारो गाड्या घ्यायच्या. परतेक गाडीतली एकच वायर तोडायची. मग सगळ्यांचे हॉर्न दाबून बघायचे. जिचा वाजनार न्हाई, तिच्यातली तुटलेली वायर ती हॉर्नची."

"आणि एवढ्या बारीक जंतूतली वायर तोडतंय कोन?"

"एक उडी मारनारं जनुक असतं. ट्रान्सपोझॉन म्हनतात त्याला. दुसऱ्या एका जंतूच्या अंगातून ते ह्याच्या अंगात येतं आणि कुठंबी घुसतं. कुठं घुसायचं ते आपल्या हातात न्हाई. जिथं घुसंल तिथली वायर तुटती. आणि ते तिथंच बसून राहतं, खूण ठेवल्यासारखं. म्हनून कुठं तुटलं ते मागनं वाचता येतं."

जलीलभाईंनी पुढचं वळण काढलं. मग म्हणाले, "आपल्या गाडीचं इंजिन एकदा एकानं असंच खोललं व्हतं. त्याला काय बी समजलं न्हाई आणि गाडी बी गेली." तरन्नुम इतकी हसली, की मांडीवर मी हिंदकळलो.

असं काम सुरू झालं. ते उडी मारणारं जनुक ज्या जंतूंच्या अंगात शिरलं होतं, त्यांना एका औषधाने काही होत नसे. बाकीचे त्या औषधाने मरत. उरलेले तरन्नुम काचेच्या छोट्या थाळ्यांत वेगवेगळे वाढवायची, त्यांना सुबाभळीचं विष द्यायची आणि नंतर प्रत्येकावर एका द्रावणाचा थेंब टाकायची. ज्याने विष खाल्लं, तिथे रंग येत नसे. विष तसंच राहिलं असेल, तर जांभळा डाग दिसे. तिला तो जांभळा डाग हवा होता. पण थाळीमागून थाळी फिकीच निघायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिच्या बरोबरीच्या मुली संस्थेतून बाहेर पडल्या, कुणाची लग्नं झाली. भोरमध्ये नातेवाईक बिलकीसबींना विचारायचे, "पोरीचं कधी?" बिलकीसबी म्हणायच्या, "ती गाईचं बघती हाय, ते झालं की मग."

मध्येच जंतू अशक्त व्हायचे, मग ताजं पाणी लागायचं. जलीलभाई आणि ठकुबाई आता तरन्नुमशिवायही नळी घालायला शिकले होते. मी वेल्ह्याहून पुण्याला आणि पुण्याहून भोरला फिरत होतो.

एकदा गेनबांनी तरन्नुमला गोठ्याबाहेर अडवलं. त्यांची उरलेली म्हैस जमिनीला टेकली होती. "बाय, तू ह्या गाईचं पानी एवढं नेती. त्यानं माझी म्हस उठंल का?"

तरन्नुमने माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच भरलो होतो. ते पाणी तिच्या थाळ्यांसाठी होतं आणि पवळीच्या पोटात त्या दिवशी पुन्हा नळी घालणं बरोबर नव्हतं. तिने माझं बूच काढलं, नळी घेतली आणि मला म्हशीच्या पोटात रिकामं केलं. त्या खेपेला मी रिकामाच पुण्याला गेलो. संस्थेतल्या तिच्या मॅडम रागावल्या. "आधी समजून घ्यायचं असतं, मग औषध द्यायचं असतं," असं म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. पण म्हैस उठली. पावसाळ्याच्या तोंडाला तिच्या शेपटीला पुन्हा केस आले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस, असं मी अजून मानतो.

आणि दोन हजार पाच साली, उन्हाळा लागता लागता, एका थाळीत जांभळा डाग दिसला.

तरन्नुम त्या थाळीकडे पाहत कितीतरी वेळ उभी होती. मग तिने घरी फोन लावला. "अब्बा, हॉर्न न वाजनारी गाडी सापडली."

पलीकडून जलीलभाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "खरंच? मग आता कळंल कुठली वायर ती?"

"कळंल. महिन्याभरात कळंल."

तो महिना तिला मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात वीज सारखी जायची. जंतूंच्या कुप्या ज्या मोठ्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेल्या असायच्या, तो सारखा बंदचालू होऊन एका सुट्टीत जळाला. संस्था उघडली तेव्हा खोक्यांतून पाणी ठिबकत होतं. जांभळ्या डागाचा जंतू त्यातच होता, आणि पवळीच्या पोटातून आणलेला मूळचा धडधाकट जंतूही. एक जोड दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत ठेवायला पाठवायची होती, पण बर्फ मिळाला नाही म्हणून ते पार्सल राहून गेलं होतं. तरन्नुमने एकेक कुपी घेऊन जंतू वाढवून पाहिले. काही उगवलं नाही.

मी तेव्हा भोरला होतो. तिचा फोन आला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. "अब्बा, सगळं गेलं. पवळीचं ताजं पानी मिळालं तर पुन्हा सुरुवात करता येईल. मला हितनं हलता येत न्हाई, अजून थोड्या कुप्या बघायच्या राहिल्यात. तुमी आनाल?"

"आनतो की. रडू नको. गाय हाय ना अजून जिवंत? मग झालं तर."

जलीलभाईंना महिनाभर छातीत दुखत होतं. ते कुणाला सांगत नव्हते. पित्त आहे म्हणायचे आणि सोडा प्यायचे. दुधाची फेरी संपवून त्यांनी मला घेतलं आणि भर उन्हात ते पुन्हा वेल्ह्याच्या वाटेला लागले.

वाडीत बांध उघडे पडले होते. गुरांचं नुकसान पाहून लोकांनी सुबाभळी तोडायला घेतल्या होत्या. ठकुबाईंच्या घरामागे एकच झाड उरलं होतं आणि पवळी त्याचाच पाला खात होती. दोघांनी नळी घातली, मला भरलं. ठकुबाईंनी जलीलभाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"जलीलभाऊ, घाम किती आलाय तुमाला. जरा पडा ओसरीवर."

"नको अक्का. हे गार व्हायच्या आत पोचाय पायजे. पोरगी वाट बघती."

नसरापूरच्या पुढे वेल्ह्याचा रस्ता हायवेला मिळतो. तिथून पुण्याला जायचं तर एका अंगाला वळायचं आणि भोरला जायचं तर दुसऱ्या अंगाला. त्या रस्त्याने मी इतक्या वेळा गेलो होतो, की बाहेरचं दिसत नसतानाही मला वळण समजायचं. जलीलभाईंनी टेम्पो भोरकडे वळवला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. घर जवळ आहे असं त्यांना वाटलं असेल.

कामथडीजवळ त्यांनी टेम्पो कडेला घेतला, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून खाली उतरता उतरता बसकण मारली.

शेजारच्या शेतात कांदा काढायचं काम चाललं होतं. तिथली माणसं धावत आली. त्यांनी जलीलभाईंना लिंबाच्या सावलीत नेलं, सदऱ्याची बटणं सोडली, पदराने वारा घातला. एक जण फोन करायला पळाला. त्यांच्यात चिमाजी नावाचे एक वयस्कर शेतकरी होते. त्यांना टेम्पोत मी दिसलो.

"थर्मास हाय बघा. चा असंल. दोन घोट द्या त्येंला, जरा हुशारी वाटंल."

त्यांनी माझं बूच काढलं. तो हिरवट वास बाहेर आला.

"आरारा. नासलंय समदं."

जलीलभाईंनी हात उचलला. त्यांचे ओठ हलले. "नको," असं काहीसं ते म्हणाले, आणि मग मुलीचं नाव. बायका म्हणाल्या, "कुनाला तरी हाक मारत्यात. येत्यात हां भाऊ, येत्यात." चिमाजींनी मला रस्त्याकडेच्या तापलेल्या मातीत उपडं केलं. पवळीच्या पोटातलं ते पाणी क्षणात मुरलं. मग त्यांनी शेतातल्या माठातलं पाणी घेऊन मला दोन-तीनदा विसळलं, गार पाणी भरलं, जलीलभाईंचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि माझ्या झाकणातून त्यांना थेंब थेंब पाजलं. फार मायेने पाजलं. जलीलभाई प्यायले. गाडी येऊन दवाखान्यात पोचेपर्यंत ते राहिले नाहीत.

मला कुणावरही रागवता आलं नाही, मित्रांनो. अजूनही येत नाही.

दफन झाल्यावर चिमाजी भोरला आले. टेम्पोची चावी, जलीलभाईंची टोपी आणि मी, एवढं त्यांनी एका पिशवीत जपून आणलं होतं. घर माणसांनी भरलं होतं. ते दारातच उभे राहिले. तरन्नुम बाहेर आली. तिने पिशवीतून मला काढलं आणि सवयीने हलवून पाहिलं.

"त्यात काय तरी नासलेलं व्हतं, पोरी," चिमाजी म्हणाले. "म्या टाकून दिलं. चांगला धुवून आनलाय. तुझ्या बापाला त्यातनंच पानी पाजलं."

तरन्नुमची बोटं माझ्याभोवती घट्ट झाली. मला वाटलं, ती आता मला खाली टाकते. पण ती म्हणाली, "बरं केलंत काका. या, आत या. बसा." आणि तिने त्यांच्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतरचे महिने घर बंद दारासारखं होतं. बिलकीसबी इद्दतीत, नवरा गेल्यावर घरातच राहून पाळायच्या दुखवट्यात, बसल्या. टेम्पो विकला गेला. तरन्नुमला पुण्याला जावंसं वाटेना आणि घरी आईला तिच्याशिवाय कुणी नव्हतंही. मी फळीवर पडून होतो. पावसाळा आला आणि गेला. मग एके दिवशी बिलकीसबींनी स्वतःच मला खाली उतरवलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रेमाने हात लावला नव्हता. त्यांनी मला राखेने घासलं, कढत पाण्याने विसळलं आणि मुलीपुढे ठेवलं.

"जा. त्या गाईकडं जाऊन ये."

तरन्नुम एसटीने वेल्ह्याला गेली. ठकुबाई तिला पोटाशी धरून खूप रडल्या. पवळी मजेत होती. पावसाळ्याच्या हिरव्या गवताने तिचं अंग भरलं होतं. तरन्नुमने नळी घातली, मला भरलं आणि पहिल्या दिवसासारखं मांडीवर धरून पुण्याला नेलं. मीही जीव लावून ऊब धरून ठेवली. वाटेत कुठेही थेंब सांडला नाही.

संस्थेत तिने त्या पाण्यातून जंतू वाढवले, त्यांना विष दिलं आणि द्रावणाचे थेंब टाकले. प्रत्येक थाळी जांभळी झाली. एक, दोन, दहा, सगळ्या जांभळ्या. ज्या रंगासाठी तिने इतकी वर्षं घालवली होती, तो आता सगळीकडे होता आणि त्याचा अर्थ असा, की विष खाणारा तो जंतू त्या पाण्यात नव्हताच. तिने आणखी दोन खेपा केल्या. तेच झालं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गाय आता सुबाभूळ खात नाही ना? तो जंतू त्या विषावरच जगत होता, तरन्नुम. विष मिळेनासं झालं, तसे बाकीचे जंतू वाढले आणि हा उपाशी मेला."

तरन्नुमने हे ठकुबाईंना सांगितलं तेव्हा त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. घरामागचं ते शेवटचं झाडही पुतण्याने पावसाआधी गोठ्याच्या खांबांसाठी तोडलं होतं.

"इख खाऊन जगनारं बी कुनी असतं व्हय?"

"असतं, मावशी."

"मंग आमीच मारलं म्हनायचं त्याला."

"न्हाई. झाडं तोडली म्हनून बाकीच्यांची गुरं वाचली. तुमचं काय चुकलं न्हाई."

"गेनबाच्या म्हशीत असंल का थोडं?"

"ती बी आता गवतच खाती, मावशी."

पवळी तरन्नुमचा हात चाटत होती. मग ठकुबाई म्हणाल्या, "म्हंजे तुझ्या बापानं नेलं, ते शेवटचं व्हतं."

तरन्नुमने होकाराची मान हलवली.

तिने ते काम सोडलं. दुसऱ्या एका सोप्या जंतूवर छोटासा प्रबंध लिहून तिने पदवी घेतली आणि आता ती भोरमध्येच मुलांना शिकवते. हॉर्नची वायर कुठली होती ते कुणालाच कळलं नाही. पवळी तीन-चार वर्षांनी म्हातारी होऊन गेली. ठकुबाई अजून भोरच्या बाजाराला आल्या की आमच्याकडे उतरतात आणि बिलकीसबींशेजारी बसून भाकरी खातात.

चिमाजीही दरवर्षी कांद्याची माळ घेऊन येतात. जलीलभाईंचा विषय निघाला की ते आठवून सांगतात, "शेवटाला पानी गोड लागलं त्येंला. समाधानानं प्याले." एकदा ते निघून गेल्यावर ठकुबाईंनी विचारलं, "पोरी, त्या म्हाताऱ्याला कधी सांगितलं न्हाईस व्हय, त्यात काय व्हतं ते?"

"न्हाई."

"का गं?"

"त्यांनी अब्बांचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं, मावशी. मी तिथं नव्हते. त्यांच्याकडं तेवढंच हाय, ते मी कशाला बिघडवू?"

मित्रांनो, माझी हकिगत एवढीच आहे. मी ऊब राखू शकतो, पण माझ्यात काय आहे ते मला ओरडून सांगता येत नाही. तुम्हाला विचारता येतं. कुणाच्या बाटलीत, डब्यात, पिशवीत ओळखू न येणारं आणि घाण वासाचं काही दिसलं, तर ओतण्याआधी एकदा विचारा. उत्तर द्यायला माणूस नसेल, तर ते बाजूला ठेवून द्या, कुणी तरी विचारत येईल. आणि बांध मोकळे करायची वेळ आली, तर करा. गुरं आधी वाचली पाहिजेत. पण कुठे तरी कोपऱ्यात एक झाड राहू द्या. त्याच्यावर कोण जगतं आहे, ते आपल्याला अजून माहीत नसतं.